न तुटलेला हात
एर्न्स्ट लुडविग किर्शनर याच्या ‘सैनिकवेषातील आत्मचित्र’ (१९१५) या कृतीत चित्रकाराचा उजवा हात मनगटापाशी छाटलेला आहे. डोळे रिकामे, मागे नग्न मॉडेल. वास्तवात हात शाबूत होता. तोफखान्यातील प्रशिक्षणातच मनाने खचल्यामुळे किर्शनर आघाडीवर कधी गेलाच नाही. तेव्हा ही जखम युद्धानुभवाची नोंद ठरत नाही. गणवेश आपली निर्मितिक्षमता हिरावून घेईल, या भयाची ती प्रतिमा होय. १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘अवनत कला’ प्रदर्शनात नाझींनी या चित्राला ‘सैनिक आणि वेश्या’ असे नाव देऊन त्यात सैनिकाची बदनामी पाहिली. प्रतिमेला घटनेविषयीचे विधान मानले की आस्वादाची जागा आरोप घेतो. चरित्रात जखमेचा पुरावा शोधणारी सहानुभूतिशील समीक्षाही नकळत त्याच वाचनपद्धतीच्या आहारी जाते.