लष्करी पागेपासून लिलावापर्यंत : क्रीडा-अश्वाच्या खरेदीतील स्थित्यंतर (१९१२–१९६०)

प्रस्तावना

घोड्याची खरेदी हा सकृद्दर्शनी खासगी व्यवहार आहे. तथापि घोडा कोणी घ्यावा, कोणत्या निकषांवर घ्यावा आणि त्याच्या पारखीचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न सामाजिक इतिहासाच्या कक्षेत येतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या विशेष संदर्भात या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

लष्करी कालखंड

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जंपिंग आणि इव्हेंटिंग या दोन्ही स्पर्धांचा समावेश होता. इव्हेंटिंगमध्ये शिस्तबद्ध चाल, मोकळ्या रानातील दौड आणि अडथळ्यांवरील उड्डाण यांची कसोटी लागते. हे गुण मुळात लष्करी अधिकाऱ्याच्या घोड्याचेच होत. अमेरिकी सैन्याचा रिमाउंट विभाग उत्तम जातीचे नर घोडे पैदाशीसाठी नागरिकांकडे ठेवी आणि त्यांच्या संततीतून निवडक घोडे विकत घेई. लष्करी पागेत घोड्याला शिकविण्यास व पारखण्यास पुरेसा अवधी मिळे. त्याचा खर्च शासन सोसत असे.

या व्यवस्थेत सामान्य स्वाराला मात्र स्थान नव्हते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या स्वीडनच्या संघातील एक स्वार सनदी अधिकारी नसल्याचे कारण देऊन ते पदक पुढील वर्षी काढून घेण्यात आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून हा निर्बंध शिथिल झाला. तत्पूर्वीच, १९४८ नंतर, अमेरिकी लष्करी अश्वारोहण संघ संपुष्टात आला होता. परिणामी घोड्याच्या पारखीची जबाबदारी खासगी ग्राहकावर आली.

बाजाराची मर्यादा : स्नोमॅनचे उदाहरण

याच सुमारास ट्रॅक्टरमुळे शेतीतील घोडे निरुपयोगी ठरत होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये नेदरलँड्समधून स्थलांतरित झालेले अश्वारोहण-शिक्षक हॅरी डी लेयर पेनसिल्व्हेनियातील न्यू हॉलंड येथील लिलावास उशिरा पोहोचले. उरलेले घोडे कसाईखान्याच्या ट्रकमध्ये चढविले जात होते. त्यांतील नांगराला जुंपला गेलेला एक करडा घोडा त्यांनी ८० डॉलरला घेतला. विद्यार्थिनींना शिकविण्यास तो शांत वाटला, एवढेच कारण. पुढे त्यांनी तो शेजारच्या एका डॉक्टरांना विकलाही. परंतु कुंपणे ओलांडून तो परत येऊ लागला, तेव्हा त्याची उड्डाणक्षमता ध्यानी आली. १९५८ व १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील राष्ट्रीय स्पर्धेत स्नोमॅन खुल्या जंपिंग गटाचा विजेता ठरला.

येथे एक बाब लक्षणीय आहे. जाणकार खरेदीदारालाही हा गुण प्रथमदर्शनी दिसला नव्हता. पाय, सांधे, खूर, वय व स्वभाव यांची परीक्षा लिलावात होऊ शकते. उड्डाणाची ओढ मात्र सहवासातूनच कळते. लष्करी पागेतील हा सहवास लिलावातील काही मिनिटांत मिळणे शक्य नव्हते.

पर्यायी व्यवस्था

पश्चिम जर्मनीत या अडचणीवर वेगळा उपाय योजला गेला. व्हेर्डेन येथे १९४९ पासून हानोव्हर जातीच्या घोड्यांचे लिलाव भरू लागले. तेथे वंशावळीची नोंद उपलब्ध असे आणि तयार केलेले घोडे ग्राहकांसमोर स्वारीखाली दाखविले जात. पारखीचा काही भार अशा रीतीने पैदासकारांच्या संघटनेने उचलला. अर्थात त्या श्रमाचे मोल घोड्याच्या किमतीत समाविष्ट होणे अपरिहार्य होते.

समारोप

स्नोमॅनच्या कथेवरून स्वस्त घोडा घेणे शहाणपणाचे असते, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. लष्करी मक्तेदारी संपल्याने क्रीडा-अश्व सामान्य स्वाराच्या आवाक्यात आला. परंतु त्याला पारखण्यासाठी लागणारा वेळ देणारी संस्था लोप पावली. स्नोमॅनला तो वेळ योगायोगाने मिळाला. त्या दिवशी ट्रकमध्येच राहिलेल्या घोड्यांना तो मिळाला नाही. त्यांच्या ठायी कोणते गुण होते, याची नोंद इतिहासाकडे नाही.