दुधाच्या डब्यातून निघालेली औषध कंपनी

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, घरातल्या एखाद्या आजीला 'ग्लॅक्सो' म्हणून पाहा. तिला बहुधा औषधाच्या आधी बाळाच्या दुधाचा डबा आठवेल. आणि इतिहासही तिच्याच बाजूने आहे.

जोसेफ नेथन यांची पेढी १८७३ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये सुरू झाली. तिथे दूध मुबलक, पण गिऱ्हाईक समुद्रापार. दूध नासतं, पावडर टिकते. म्हणून १९०४ मध्ये बनीथॉर्पला दूध वाळवण्याचा कारखाना निघाला आणि १९०६ मध्ये 'ग्लॅक्सो' हे नाव नोंदवलं गेलं. लंडनमध्ये डबे खपू लागले. पुढे १९२४ मध्ये 'ऑस्टेलिन' हे ड जीवनसत्त्वाचं औषध आलं. ज्या नावावर आयांचा विश्वास बसला होता, त्याच नावाने कंपनी औषधांत शिरली.

त्याच १९२४ मध्ये भारतात एच. जे. फॉस्टर अँड कंपनी स्थापन झाली, ग्लॅक्सोचं बाळदूध विकायला. १९५० मध्ये तिचंच नाव ग्लॅक्सो लॅबोरेटरीज (इंडिया) झालं. म्हणजे इथेही आधी डबा, मग औषध.

आता खरा पेच. १९८१ मध्ये आम्लपित्तावरचं 'झँटॅक' आलं आणि काही वर्षांतच कंपनीची जवळपास निम्मी विक्री त्या एका गोळीवर आली. पेटंट संपलं की ही कमाई आटणार, हे उघड होतं. म्हणून १९९५ मध्ये वेलकम विकत घेतली आणि २००० मध्ये स्मिथक्लाइन बीचमशी विलीनीकरण झालं.

भारतात मात्र हिशेब वेगळा होता. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला. त्यात औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट मिळे. त्यामुळे तेच रॅनिटिडिन इथे ग्लॅक्सोने 'झिनेटॅक' म्हणून विकलं, तसं मुंबईच्या जे. बी. केमिकल्सने 'रँटॅक' म्हणून. शिवाय औषधांच्या किमती सरकारी नियंत्रणाखाली होत्या. अशा देशात कॉम्प्लान, ग्लुकॉन-डी, फॅरेक्स यांचा आधार मोठा असतो.

तरीही १९९४ मध्ये ग्लॅक्सोने भारतातला हा सगळा खाद्य विभाग हाइन्झला विकला. विलीनीकरणातून आलेलं हॉर्लिक्सही २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरकडे गेलं. ज्या दुधाने कंपनीला इथवर आणलं, ते तिने सोडलं.

कंपनी कोणत्या देशात काय विकणार, हे प्रयोगशाळेइतकंच त्या देशाचा कायदा ठरवतो. १९७० च्या कायद्याने आपल्या आजोबांची आम्लपित्ताची गोळी स्वस्त केली. २००५ पासून औषधालाच पेटंट मिळू लागलं, आणि आज कॅन्सरच्या नव्या औषधाची किंमत ऐकून घर हादरतं, तेव्हा हा फरक कळतो.

तो कायदा ज्या अहवालातून घडला, त्या न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या अहवालाबद्दल पुढच्या भागात बोलू.