हवाई दलाची चिन्हे व त्यांची ओळख

जुन्या वस्तूंच्या बाजारात, किंवा घरातील माळ्यावरच्या एखाद्या विसरलेल्या पेटीत, कधी कधी एक लहानसा बिल्ला सापडतो. तो पितळेचा असतो किंवा कापडावर भरतकाम केलेला असतो. त्यावर पसरलेले पंख असतात, मध्ये काही रोमन अक्षरे असतात आणि शिरोभागी मुकुट असतो. मुकुट दृष्टीस पडताच पाहणारा म्हणतो, ‘हा कोणा इंग्रज वैमानिकाचा असावा’, आणि बिल्ला मोडीत जातो. हा निर्णय पुष्कळदा चुकीचा असतो. हवाई दलाचे बिल्ले व गणवेश जमविणे हा अनेक देशांतील हौशी लोकांचा आवडता छंद आहे. परंतु जमविणे सोपे, ओळखणे अवघड. आणि ओळख चुकली, म्हणजे एका माणसाची सेवा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

या चिन्हांचा जन्मच मुळी ओळखीच्या गरजेतून झाला. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जमिनीवरचे सैनिक आकाशात दिसेल त्या विमानावर गोळ्या झाडीत. त्यात स्वपक्षाची विमानेही सापडत. ब्रिटिशांनी प्रथम आपला ध्वज विमानावर रंगविला. परंतु दुरून पाहता त्यातील फुली जर्मनांच्या क्रूसासारखी भासू लागली. तेव्हा फ्रेंचांच्या वर्तुळचिन्हाची कल्पना उचलण्यात आली. फ्रेंचांचे निळे मध्यभागी व तांबडे कडेला होते. ब्रिटिशांनी तांबडे आत व निळे बाहेर घेतले. रंगांची ही उलटापालट केवळ शोभेसाठी नव्हती. तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

वैमानिकाच्या छातीवरील पंख याहूनही थोडे जुने. ते १९१३ साली मंजूर झाले. पुढे १ एप्रिल १९१८ रोजी भूसेनेचे व नौसेनेचे वैमानिक विभाग एकत्र करून ‘रॉयल एअर फोर्स’ हे स्वतंत्र दल स्थापन झाले. आरंभी अधिकाऱ्यांसाठी फिकट निळा, सोनेरी पट्ट्यांचा गणवेश ठरला. तो फारसा कोणाला रुचला नाही, आणि १९१९ मध्ये आज परिचित असलेला करडा निळा रंग आला. म्हणून फिकट निळा गणवेश संग्राहकाच्या दृष्टीने अत्यंत दुर्मिळ होय. याच युद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर व बंगालचे इंद्रलाल रॉय हे तरुण वैमानिक १९१८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या रणभूमीवर कामी आले. भारताचे स्वतःचे हवाई दल तेव्हा नव्हते. त्यामुळे त्यांच्या छातीवरचे पंख ब्रिटिश दलाचेच होते. चिन्ह परके होते, माणूस आपला होता.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने झाली, आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिल्या स्क्वाड्रनची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्यापाशी चार वापिती विमाने होती. वैमानिक इंग्लंडात क्रॅनवेल येथे शिकून आलेले मूठभर तरुण, आणि यंत्रांची निगा राखणारे ‘हवाई सिपाही’. गणवेशाचा घाट ब्रिटिश दलाचाच होता: उन्हाळ्यात खाकी, हिवाळ्यात करडा निळा, बाहीवर हुद्द्याच्या पट्ट्या, टोपीवर मुकुट. भेद शोधावयाचा तो अक्षरांत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा या दलात एकच स्क्वाड्रन होते. युद्धाअखेर ती संख्या नऊ झाली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एक नवीनच अडचण उद्भवली. जपानी विमानावर तांबडा गोल असे, आणि धावत्या दृष्टीस ब्रिटिश वर्तुळाचा तांबडा मध्यही तसाच दिसे. परिणामी या भागातील विमानांवरून तांबडा रंग अजिबात काढून टाकण्यात आला व गडद आणि फिकट निळ्याचे वर्तुळ आले. एखाद्या जुन्या छायाचित्रात भारतीय विमानावर तांबड्यावाचूनचे लहान वर्तुळ दिसले, तर ते चित्र बहुधा याच आघाडीचे व याच काळाचे, असा तर्क करता येतो.

ब्रह्मदेशातील कामगिरीबद्दल १२ मार्च १९४५ रोजी या दलास ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली आणि ‘आय. ए. एफ.’ या अक्षरांच्या आधी ‘आर’ आला. ही चार अक्षरे पाच वर्षांहूनही कमी काळ टिकली. परंतु त्या अल्पावधीत केवढ्या घटना घडून गेल्या! महायुद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, देशाबरोबर हवाई दलाचीही वाटणी झाली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी बाराव्या स्क्वाड्रनची डाकोटा विमाने सैनिक घेऊन श्रीनगरास उतरली. १९४८ च्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी हिमालयाच्या रांगा ओलांडून लेह येथे विमान उतरविले. या साऱ्या पराक्रमाच्या वेळी दलाच्या चिन्हावर राजमुकुटच होता, कारण २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत प्रजासत्ताक झालेला नव्हता. त्या दिवशी ‘रॉयल’ हा शब्द गेला, मुकुट उतरला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. विमानांवरही, मधल्या काळातील अशोकचक्र जाऊन, केशरी, पांढरे व हिरवे वर्तुळ स्थिरावले.

पाकिस्तानच्या दलानेही १९५६ पर्यंत ‘रॉयल’ ही उपाधी व मुकुट ठेवला होता. म्हणजे काही काळ परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन देशांच्या हवाई दलांच्या माथ्यावर एकच मुकुट होता! केवळ मुकुटावरून राष्ट्र ठरविणारा येथे हमखास फसतो.

मग ओळखावे कसे? प्रथम पंख मोजावेत. दोन पंख वैमानिकाचे. एकच पंख असला, तर तो निरीक्षक, मार्गदर्शक, तोफची अशा अन्य वायुसैनिकाचा, आणि त्याचे काम पंखाशेजारील अक्षर सांगते. नंतर मुकुटाखालची अक्षरे वाचावीत. देश व दल त्यांवरून कळते. मग मुकुटाची घडण पाहावी. गोलाकार कमानींचा ‘ट्यूडर’ मुकुट विसाव्या शतकाच्या आरंभापासून राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीपर्यंतचा. मध्यभागी खोलगट कमानींचा ‘सेंट एडवर्ड’ मुकुट तिच्या काळचा. मात्र २०२२ साली राजे तिसरे चार्ल्स यांनी पुन्हा ट्यूडर मुकुटच निवडला. त्यामुळे आता ही खूणही एकटी पुरेशी नाही. अखेरीस बिल्ला उलटा करावा. कारखानदाराचा ठसा, पिना जोडण्याची रीत, धातूची झीज या गोष्टी पुढच्या नक्षीहून अधिक खरे बोलतात. युद्धकाळातील गुंड्या पितळेच्या. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटिश सैन्यात चकाकत्या ॲल्युमिनियमच्या आल्या, त्यांना घासण्याचे कारण उरले नाही. पोलंडच्या वैमानिकांच्या रुपेरी गरुडामागे तर क्रमांकच कोरलेला असे. त्यावरून तो कोणास दिला गेला, याचाही माग काढता येतो.

काही वस्तू दिसतात एक व असतात दुसऱ्याच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या काही गुंड्यांत चिमुकले होकायंत्र दडविलेले असे, शत्रूच्या मुलखात विमान पडले तर वाट सापडावी म्हणून. जर्मनांना गुंडी उघडण्याची युक्ती समजल्यावर तिचे आटे उलट्या बाजूस फिरविण्यात आले. सोन्याच्या लहानशा सुरवंटाचा बिल्ला हा सैन्याचा नव्हेच. छत्रीच्या साहाय्याने ज्याचा जीव वाचला, त्याला छत्री बनविणाऱ्या कारखान्याकडून तो मिळे. छत्री रेशमाची, म्हणून सुरवंट.

जेथे मागणी, तेथे नक्कल ही आलीच. नव्या पितळेवर काळपट पुटे चढवून ‘युद्धातला’ म्हणून विकलेले बिल्ले थोडे नाहीत. सावध संग्राहक म्हणून वस्तूबरोबर तिची कुळकथा मागतो: कोणाची, कोठून आली, सोबत एखादे पत्र, छायाचित्र, सेवापुस्तिका आहे काय? कागद फेकून बिल्ला तेवढा ठेवणारा संग्राहक फळ टाकून साल जपतो. तसेच, सैनिक नसताना सैनिक भासविण्याच्या हेतूने गणवेश किंवा चिन्ह धारण करणे हा भारतात कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे. संग्रह कपाटात शोभतो, अंगावर नव्हे.

पहिल्या तुकडीतील तरुणांपैकी एक, सुब्रतो मुखर्जी, १ एप्रिल १९५४ रोजी हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. प्रथम मुकुटाखालची तीन अक्षरे, मग चार, आणि शेवटी सिंहमुद्रेखाली पुन्हा तीन, असे तिन्ही काळ या एकाच माणसाच्या सेवेत येऊन गेले. चिन्हे बदलली, सेवा एकच राहिली. म्हणून श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी असा मुकुटधारी बिल्ला निघालाच, तर तो परक्याचा ठरविण्यापूर्वी भिंगाखाली धरून अक्षरे वाचावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न विचारावेत. बिल्ला पुढच्या पिढीलाही सापडेल. उत्तर देणारे माणूस तेव्हा असेलच असे नाही.