सहा औंसांचा दगड

कापड घेताना आपण त्याचा पोत चिमटीत धरून पाहतो, मडके घेताना टिचकी मारून पाहतो, आंबा घेताना देठाशी वास घेतो. रस्त्याला अशी कसोटी लावता येत नाही. त्याचा वरचा पापुद्रा तेवढा डोळ्यांना दिसतो. त्याचा खरा जीव जमिनीखाली असतो आणि काम पुरे झाले की तो कायमचा झाकला जातो. म्हणूनच रस्तेबांधणीच्या इतिहासात कौशल्याच्या जोडीने लबाडीही सारखी वावरताना दिसते. हा इतिहास आम्ही येथे इंग्लंडच्या डांबरी रस्त्याच्या निमित्ताने सांगणार आहोत. तेथील ज्या गृहस्थांना आज आपल्या दारापुढची वाट डांबरी करून घ्यावयाची असते, त्यांच्यापर्यंत तो येऊन पोहोचतो.

इंग्लंडात 1555 साली कायदा झाला की, प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील रस्ता आपणच राखावा. त्यासाठी गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस फुकट राबावे, असे ठरले; 1563 मध्ये चाराचे सहा दिवस झाले. देखरेखीला गावातलाच एक जण वर्षभरासाठी नेमला जाई. त्याला ना पगार, ना त्या विद्येचा गंध. वेठीचे काम कसे होते हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. खड्ड्यात माती लोटावी, वर चार दगड टाकावे, आणि पहिल्या पावसात तो खड्डा पुन्हा जसाच्या तसा! तरीही ही पद्धत 1835 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 280 वर्षे, चालू राहिली.

तिच्या जोडीला पुढे टोलनाकी आली. पार्लमेंटच्या परवानगीने स्थानिक विश्वस्त मंडळे स्थापन होत. त्यांनी वाहनांकडून पैसे घ्यावे आणि त्यातून रस्ता राखावा. अठराव्या शतकात अशी मंडळे शेकड्यांनी निघाली. आता रस्त्यात पैसा आला, आणि पैशाच्या मागोमाग मक्तेदार आले. सगळेच लबाड होते असे नाही. यॉर्कशायरमधील नेअर्सबरो गावी 1717 साली जन्मलेला जॉन मेटकाफ याचे उदाहरण मनात ठेवण्याजोगे आहे. सहाव्या वर्षी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली. सारंगीसारखे वाद्य वाजवून पोट भरणाऱ्या या माणसाने 1765 साली तीन मैल रस्त्याचा मक्ता घेतला आणि पुढे सुमारे 180 मैल रस्ते बांधले. काठीने आणि पायाने जमीन चाचपून तो तिची परीक्षा करी. दलदल लागली की तिच्यावर रानझुडपांच्या मोळ्या अंथरून तो पाया धरीत असे. जो भाग इतरांना दिसत असूनही ते पाहत नव्हते, तोच या आंधळ्या माणसाने नीट तपासला.

तथापि एका माणसाच्या सचोटीवर देशाचे रस्ते चालत नाहीत. त्यासाठी नियम लागतो, आणि तो नियम दिला जॉन लाउडन मॅकाडम याने. हा स्कॉटलंडमधील एअर गावचा. जन्म 1756 चा. तरुणपण न्यूयॉर्कमध्ये घालवून तो 1783 साली परतला, आणि 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा तपासनीस झाला. त्याच्या आधी फ्रान्सात त्रेझागे याने, आणि त्याच्याच काळात टेलफर्ड याने, मोठमोठे दगड तळाशी बसवून भक्कम रस्ते केले होते. ते टिकत, पण खर्च फार येई. मॅकाडमचे म्हणणे निराळे होते. भार पेलते ती खालची जमीन; ती कोरडी राहिली की पुरे. रस्ता हे त्या जमिनीवरचे छप्पर आहे. म्हणून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तो उंच असावा, मध्ये किंचित फुगीर असावा, दोन्ही बाजूंना पाणी वाहून जावे, आणि वर फोडलेल्या टोकदार खडीचा थर द्यावा. ही खडी चाकांच्या दाबाने एकमेकींत अडकून बसते. तिच्यात माती मुळीच मिसळू नये, कारण माती पाणी धरून ठेवते.

खडीचा दगड केवढा असावा? सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा, जड नसावा. मॅकाडमने देखरेख करणाऱ्यांना सांगितले की, खिशात लहान तराजू आणि सहा औंसांचे वजन ठेवा. ढिगातला कोणताही दगड उचला आणि तोला. आमच्या मते त्याच्या साऱ्या कामगिरीत ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे. ज्याला रस्तेबांधणीतले ओ की ठो कळत नाही, त्या माणसाच्याही हाती तिने माप दिले. मक्तेदार कितीही गोड बोलला तरी तराजूचा काटा त्याच्या बाजूने झुकत नाही. दुसरेही एक सांगण्यासारखे आहे. पुष्कळ ठिकाणी मॅकाडमने नवा दगड विकत घेऊच दिला नाही. रस्त्यात पडून असलेला जुनाच दगड उकरून, बारीक फोडून, पुन्हा पसरला. गरीब म्हातारे, बायका, मुले बसून लहान हातोड्यांनी खडी फोडीत. माल खपवण्यातच ज्याचा नफा, तो मक्तेदार असा सल्ला कधीच देणार नाही!

त्याचे नाव आपल्याकडेही पोहोचले आहे. पाणी मारून दाबलेल्या खडीच्या रस्त्याला बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात अजून ‘वॉटर बाउंड मॅकाडम’ म्हणतात.

घोड्यांच्या काळी हा रस्ता उत्तम होता. मोटार आली आणि तो उखडू लागला. रबरी चाके खडीमधली बारीक भुकटी ओढून काढीत आणि मागे धुळीचे लोट उठत. खडीवर डांबर ओतण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकातच झाले होते. पण निश्चित रीत सापडली ती एका अपघाताने. नॉटिंगहॅमशायरचा सरकारी सर्व्हेयर एडगर पर्नेल हूली 1901 साली डर्बीशायरमधील डेन्बी येथून जात असता त्याला रस्त्याचा एक गुळगुळीत, धूळरहित तुकडा दिसला. चौकशी करता कळले की, तेथे डांबराचे पिंप फुटले होते आणि सांडलेले डांबर झाकण्यासाठी जवळच्या भट्टीची मळी कोणी तरी त्यावर टाकली होती. हूलीने तापवलेले डांबर आणि मळी यंत्रात मिसळून, वाफेच्या रुळाने दाबण्याची रीत बसवली आणि 1902 मध्ये तिचे पेटंट घेतले. नॉटिंगहॅमचा रॅडक्लिफ रोड या रीतीने झाला. 1903 मध्ये त्याने कंपनी काढली. पण धंदा त्याला जमला नाही, आणि 1905 मध्ये सर आल्फ्रेड हिकमन यांनी ती घेऊन ‘टारमॅक’ या नावाने चालवली. पुढे कोळशाच्या डांबराची जागा खनिज तेलापासून निघणाऱ्या बिट्युमेनने घेतली, तरी इंग्रज त्याला टारमॅकच म्हणतो, जसे आपण अजून डांबरच म्हणतो.

विसाव्या शतकात घरोघरी मोटारी आल्या, आणि फाटकापासून घरापर्यंतची वाटही डांबरी होऊ लागली. येथे सरकारी सर्व्हेयर नाही, तराजू नाही. एकीकडे एकटा गृहस्थ, पुष्कळदा वृद्ध, आणि दुसरीकडे दारात उभा राहिलेला अनोळखी मक्तेदार. अशा लबाडाला तेथे ‘काउबॉय’ म्हणतात. त्याचे बोलणे ठरीव असते: “पलीकडच्या रस्त्याचे काम करीत होतो, थोडे डांबर उरले आहे, आजच घेतलेत तर स्वस्तात करून देतो.” वस्तुतः डांबरी माल गरम असतानाच पसरून दाबावा लागतो, तो काय दारोदार विकत हिंडण्याचा माल आहे? मग होते असे की, गवत न काढता, माती न खणता, बोटभर काळा थर पसरला जातो. रोख पैसे मागितले जातात, तेही ठरल्यापेक्षा जास्त. आणि गाडी निघून जाते. काही महिन्यांत कडा ढासळतात, मधून गवत डोके वर काढते, पाणी भिंतीशी साचते. म्हातारपणासाठी राखलेली पुंजी तर जातेच. पण दाराशी आलेल्या माणसावरचा विश्वासही उडतो, आणि तो विकत मिळत नाही.

नीट केलेल्या मोटारवाटेत मॅकाडमचेच तत्त्व असते. वरची माती साधारण वीतभर खणून काढतात. तळाशी फोडलेल्या दगडाचा सुमारे 150 मिलिमीटरचा थर देऊन तो यंत्राने दाबतात. त्यावर जाड खडीचा डांबरी थर, 50 मिलिमीटरांच्या आसपास. आणि सर्वांत वर बारीक खडीचा, 25 मिलिमीटरांच्या आसपास. कडेला दगडी किंवा सिमेंटची कड बसवतात, नाही तर डांबर बाजूला सरकते. उतार घरापासून दूर असावा लागतो, आणि भिंतीतील ओल रोखणाऱ्या थराच्या 150 मिलिमीटर खाली वाट राहावी लागते. इंग्लंडात 1 ऑक्टोबर 2008 पासून आणखी एक नियम आहे. घरापुढील बागेत पाच चौरस मीटरांहून अधिक जागा पाणी न मुरणाऱ्या थराने झाकावयाची असेल आणि पाणी आपल्याच जागेत मुरण्याची सोय नसेल, तर परवानगी काढावी लागते. सगळे पाणी रस्त्यावरच्या गटारात लोटून देणे आता चालत नाही.

आता शहाण्या घरमालकाचा तराजू कोणता? पहिला, कागद: किती खणणार, कोणता थर किती जाड, रूळ कोणता, हे लेखी घ्यावे. नुसती ‘काम चांगले करू’ ही भाषा मोजता येत नाही. दुसरा, मोजपट्टी: खड्डा उघडा असतानाच ती आत धरून पाहावी, डांबर पडल्यावर मापाला जागा उरत नाही. तिसरा, जुने काम: दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने केलेली वाट पावसानंतर जाऊन बघावी. आणि चौथा, थैली: काम पुरे होण्यापूर्वी सगळे पैसे देऊ नयेत. दारात येऊन केलेला असा करार बहुधा चौदा दिवसांच्या आत रद्द करण्याचा हक्क तेथील कायद्याने दिला आहे. जो मक्तेदार आजच काम सुरू करण्याची घाई करतो, त्याला नेमके हे चौदा दिवस नको असतात.

तेथील या गोष्टी येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे आज तेथे घरे करून राहतात. आणि येथेही सोसायटीच्या आवारात डांबर पडते तेव्हा आपण सारे गॅलरीतून काळा रंग तेवढा पाहतो. खाली उतरून, खड्डा उघडा असताना, हातात पट्टी घेऊन उभा राहणारा एखादाच. आणि त्याला शेजारी चिकट म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी खिशात तराजू घेऊन खडीच्या ढिगापाशी वाकणाऱ्या तपासनिसालाही मक्तेदारांनी काही गोड नावे ठेवली नसतील. पण त्यानेच तो दगड उचलून तोलला, म्हणून इंग्लंडची चाके चिखलातून वर आली.