चौकटीबाहेरचा चेहरा

अमेरिकेतील जुन्या भयचित्रकथांची मुखपृष्ठे म्हणजे केवळ भडक विक्रीचित्रे, हे मत आम्हांस अपुरे वाटते. ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ची मुखपृष्ठे रेखाटणाऱ्या जॉनी क्रेगने १९५४ मध्ये ‘ईसी’ प्रकाशनाच्याच ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’ या गुन्हेकथांच्या नियतकालिकाच्या २२व्या अंकासाठी काढलेले चित्र पाहावे. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांनी धरलेले स्त्रीचे शिर. मारेकऱ्याचा चेहरा मात्र चौकटीबाहेर राहिलेला.

२१ एप्रिल १९५४ रोजी सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे सिनेटर कीफॉव्हर यांनी हे चित्र सदभिरुचीचे आहे काय, असे विचारले. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी होकार दिला. शिर अधिक वर धरून गळणारे रक्त दाखविले असते तर ते हीन ठरले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो हास्यास्पद ठरला. त्याच वर्षीच्या ‘कॉमिक्स कोड’ने शीर्षकांतून ‘हॉरर’ हा शब्दच हद्दपार केला आणि गेन्स यांनी आपली भयनियतकालिके बंद केली.

तरीही त्या उत्तरात चित्रकलेचा खरा प्रश्न दडलेला होता: चौकट कोठे थांबवावी? क्रेगने ती मारेकऱ्याच्या चेहऱ्याखाली थांबविली आणि तो चेहरा कल्पिण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपविले. या मुखपृष्ठातील भय रक्तापेक्षा त्या निवडीत अधिक आहे, असे आम्ही मानतो.