भाग ३१ : दहा खुर्च्यांची हातगाडी – महागड्या सुशीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना झालेली थोडी लांबण कापली आहे, बाकी तसंच आहे.

तोक्योच्या गिन्झा भागात, भुयारी रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या एका इमारतीच्या तळघरात ‘सुकियाबाशी जिरो’ नावाचं सुशीचं दुकान आहे. दहा खुर्च्या आणि एक लाकडी काउंटर, बस. दुकान ओनो जिरो यांचं, त्यांचा जन्म १९२५ चा. नोव्हेंबर २००७ मध्ये मिशलिन गाइडची तोक्यो आवृत्ती पहिल्यांदा निघाली आणि या दुकानाला तीन स्टार मिळाले. २०११ साली जिरोंवर माहितीपट आला. एप्रिल २०१४ मध्ये जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे ओबामांना घेऊन इथेच जेवायला आले. आणि २०१९ च्या शेवटी मिशलिननं हे दुकान यादीतून काढलं. चव बिघडली म्हणून नाही हं. सर्वसामान्य माणसाला तिथे बुकिंगच मिळत नाही, म्हणून.

आता महागडं हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? झुंबर, मऊ खुर्च्या, जाडजूड मेन्यूकार्ड, मागेपुढे करणारे वेटर. सुशीच्या काउंटरवर यातलं काहीच नसतं. करणारा समोर उभा. तो एकेक घास तयार करून पुढ्यात ठेवणार, तुम्ही तो हातानं उचलून लगेच तोंडात टाकायचा, मग पुढचा. हे आपण कुठे पाहिलंय? पाणीपुरीच्या गाडीवर! आणि गंमत म्हणजे हे नुसतं साम्य नाही. सुशीचा काउंटर ही खरोखरच घरात घेतलेली हातगाडी आहे. ती घरात कशी आली आणि आत आल्यावर एवढी महाग का झाली, ही आजची गोष्ट.

आधी मासा कच्चा नव्हताच

सुशी म्हणजे कच्चा मासा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण सुरुवातीची सुशी म्हणजे मासा टिकवायची युक्ती होती. मासा खारवायचा, शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा आणि महिनोन्‌महिने विसरून जायचं. भात आंबतो, आंबटपणामुळे मासा सडत नाही. शेवटी मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. ही पद्धत आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशातून आली असावी, असं अभ्यासक मानतात. जपानमध्ये आठव्या शतकातल्या कायद्यात कर म्हणून द्यायच्या वस्तूंमध्ये सुशीचा उल्लेख आहे. बिवा सरोवराच्या काठी ‘फुनाझुशी’ नावानं हा प्रकार आजही करतात. वास असा की अनेक जपानी लोकच नाक दाबतात. ज्यांच्या घरी पावसाळ्यासाठी सुकट भरून ठेवतात, त्यांना यातला हिशोब वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे लोकांना घाई झाली. आंबवण्याचे दिवस कमी झाले, भातही खाल्ला जाऊ लागला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की आंबटपणाच हवाय ना, तर मग भातात सरळ व्हिनेगर घाला! महिन्यांचं काम तासांवर आलं. १८०४ साली हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके बनवणाऱ्यानं साकेच्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला घेतलं. तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा ते स्वस्त पडायचं. जहाजानं ते एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जायचं. आज दुकानात दिसणारी ‘मिझकान’ कंपनी ती हीच.

एदोची गाडी

एदो तेव्हा दहा लाखांच्या घरातलं शहर. त्यात पुरुषांची संख्या खूप जास्त. कामासाठी आलेले सुतार, हमाल, सरदारांच्या पदरी असलेले सामुराई. घरं लाकडाची, आगी सारख्या लागायच्या, त्यामुळे लहानशा खोलीत चूल पेटवणं कटकटीचं. मग जेवण कुठे? रस्त्यावर! सोबा, तेंपुरा, भाजलेला ईल मासा आणि सुशी.

१८२० च्या दशकात र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेई या माणसानं भाताचा घास हातात वळून त्यावर मासा ठेवून द्यायला सुरुवात केली, असं मानतात. आज आपण जिला ‘निगिरी’ म्हणतो ती हीच. गाडीवर एक नग साधारण ४ ते ८ मोनला मिळायचा, तर सोब्याचा वाडगा १६ मोनला. आकारही आजच्या दुप्पट-तिप्पट. दोन-तीन खाल्ले की कामावर परत.

बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता. त्यामुळे मासा तसाच कच्चा ठेवणं शक्यच नव्हतं. कोहादा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवायचा, कोळंबी उकडायची, ट्यूना सोया सॉसमध्ये बुडवून ठेवायचा. आज महागड्या काउंटरवर ‘एदोमाए परंपरा’ म्हणून जे कौतुकानं वाढलं जातं ना, ते मुळात मासा संध्याकाळपर्यंत टिकावा म्हणून केलेले जुगाड आहेत. आमच्या क्षेत्रात असं खूप होतं. अडचण मिटवायला कुणीतरी तात्पुरता कोड लिहितो, अडचण जाते, कोड राहतो, आणि दहा वर्षांनी नवीन पोरांना तो ‘आपली पद्धत’ म्हणून शिकवला जातो.

आणि ट्यूनाचा पोटाकडचा चरबीचा भाग, ‘तोरो’, ज्याचा एक तुकडा आज ताटातला सगळ्यात महाग घास असतो? तो तेव्हा कमअस्सल समजला जायचा. चरबीमुळे तो लवकर खराब व्हायचा आणि सोया सॉसही त्यात नीट मुरायचा नाही. मांजरसुद्धा ओलांडून जाईल, अशी त्याची ख्याती!

महाग सुशीला बेड्या

पण मंडळी, ‘आधी सगळं गरिबांचं होतं, मग श्रीमंतांनी पळवलं’ इतकी सरळ ही गोष्ट नाही. योहेईचं पुढे चांगलं दुकान झालं आणि तिथली सुशी उंची समजली जाऊ लागली. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला शोगुनच्या सरकारनं काटकसरीचे कडक नियम आणले, ज्यांना तेनपो सुधारणा म्हणतात. चैनीची सुशी विकली म्हणून योहेईसकट अनेक सुशीवाल्यांना शिक्षा झाली, हातांत बेड्या पडल्या. म्हणजे निगिरी जन्माला येऊन वीसएक वर्षं झाली नाहीत, तोवर ती कायद्याला खुपण्याइतकी महागही झाली होती. गाडी आणि दुकान दोन्ही शेजारी-शेजारी नांदत होते. प्रश्न हा, की त्यातली गाडी कुठे गेली?

भूकंप, युद्ध आणि वाटीभर तांदूळ

१ सप्टेंबर १९२३ ला कांतोचा महाभूकंप झाला, तोक्यो जळालं. अनेक सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि त्यांच्यासोबत तोक्योची निगिरी देशभर गेली. तोक्योत मात्र पुन्हा उभारणी होताना सुशी हळूहळू गाड्यांवरून दुकानात सरकत गेली.

मग युद्ध, आणि युद्धानंतरची उपासमार. जुलै १९४७ मध्ये सरकारनं अन्नटंचाईमुळे बहुतेक खाण्याची ठिकाणं बंद करायचा आदेश काढला. सुशी संपल्यात जमा होती. तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांच्या संघटनेनं एक भन्नाट पळवाट काढली. आम्ही जेवण विकतच नाही, म्हणाले! गिऱ्हाइकानं स्वतःचा एक ‘गो’ तांदूळ, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, घेऊन यायचं, आम्ही त्याचे दहा नग करून देणार आणि फक्त करणावळ घेणार. आपण गिरणीत दळण टाकतो ना, अगदी तसंच. सरकारनं हे मान्य केलं. एका माणसाच्या सुशीचं माप आज जपानमध्ये साधारण दहा नग धरतात, ते या हिशोबातून पक्कं झालं. निगिरीचा आकार लहान झाला तोही या काळात.

त्यानंतर स्वच्छतेच्या नियमांमुळे रस्त्यावरच्या सुशीच्या गाड्या संपल्या. गाडी गेली, पण तिच्या सवयी दुकानात आल्या. करणारा आणि खाणारा समोरासमोर. हातानं खाणं. चहाचे मोठे कप, कारण गाडीवरच्या एकट्या माणसाला सारखा चहा ओतायला वेळ नसायचा, असं जुने लोक सांगतात.

बर्फ आणि विमान

आता तोरोकडे परत येऊ. फ्रिज आले, खाण्यात मांस वाढलं, चरबीची चव आवडायला लागली. १९७० च्या सुमाराला जपान एअरलाइन्सची अडचण वेगळीच होती. जपानहून अमेरिका-कॅनडाकडे विमानं माल भरून जायची आणि येताना रिकामी यायची. परतीचा माल शोधता शोधता त्यांच्या लोकांना कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर ब्लूफिन ट्यूना सापडला. तिथे हौशी लोक तो खेळ म्हणून पकडायचे, फोटो काढायचे आणि मासा फेकून द्यायचे. ऑगस्ट १९७२ मध्ये तिथला ट्यूना विमानानं येऊन तोक्योच्या त्सुकिजी बाजारात विकला गेला. रिकामं विमान भरायला निघालेल्या माणसांनी एका माशाचं नशीब बदललं, आणि ते काही चांगल्यासाठी नाही. पुढच्या दशकांत ब्लूफिनची संख्या इतकी घसरली, की २०१० मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा प्रस्ताव आला. दोहातल्या बैठकीत तो पडला.

आणि सामन? जपानी लोक सामन शिजवून खायचे, कच्चा नाही, कारण त्यात जंत असायची भीती. कच्च्या सामनची सुशी रूढ झाली ती १९८० च्या दशकापासून नॉर्वेनं आपला शेतीतला सामन खपवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांमुळे. म्हणून आजही अनेक जुन्या वळणाच्या काउंटरवर सामन मिळत नाही.

पट्टा आणि काउंटर

गाडीची एक वारसदार दुसरीकडेही गेली. १९५८ मध्ये ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांनी बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून फिरत्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. स्वस्त, पटकन, ठरलेल्या किमतीत. मला विचाराल तर योहेईच्या गाडीचा खरा नातू हा पट्टा आहे. काउंटरकडे गाडीचं शरीर आलं, पट्ट्याकडे गाडीचं गिऱ्हाईक आलं.

काउंटरवर पूर्वी लोक आवडीप्रमाणे एकेक नग मागायचे. किमतीच्या जागी अनेकदा ‘बाजारभाव’ एवढंच लिहिलेलं. नवख्याला घाम फुटायचा. गेल्या काही दशकांत ‘ओमाकासे’ रूढ झालं. ओमाकासे म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. ठरलेली रक्कम, आणि काय वाढायचं ते शेफ ठरवणार.

कामानिमित्त तोक्योला काही आठवडे होतो, तेव्हा आमच्या तिथल्या टीमनं अशा एका ठिकाणी नेलं. आठ खुर्च्या, माणशी पंचवीस हजार येन. भात कोमट होता, अंगाच्या उबेइतका, आणि मासा गार. फोटो काढायला मी फोन उचलला, तर शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, ‘आधी खा, तो थांबलाय.’ खरंच, शेफ माझ्या घासाकडे बघत होता. मला ते जेवण आवडलं का? खूप. तेवढ्या पैशांचं होतं का? हा प्रश्न मी बरेच दिवस चघळला, आणि हिशोब असा लागला. आठ खुर्च्या, रात्रीच्या दोन पंगती, म्हणजे सोळा माणसं. भाडं, कारागिरांची वर्षांची मेहनत, सकाळी बाजारातून निवडून आणलेला मासा, सगळं त्या सोळांत वाटायचं. गाडीवर हेच तंत्र शेकडो लोकांत वाटलं जायचं. घास वळायचं तंत्र तेच आहे. भागाकारातला खालचा आकडा बदललाय.

मुंबईत ताज महाल पॅलेसमध्ये २००४ साली ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडेही उंची जपानी जेवण म्हणजे सुशी असं समीकरण रुजत गेलं. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची सुशीशी पहिली ओळख झाली ती महागड्या टोकाकडून. गाडी आपण पाहिलीच नाही. म्हणून चॉपस्टिक धरता येत नाही म्हणून ओशाळणारे मित्र मी पाहिलेत. त्यांना एवढंच सांगायचंय, की सुशी हातानं खाणं हा अडाणीपणा नाही, तीच जुनी रीत आहे. बिनधास्त खा.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या गावात गाडीवरून हॉटेलात गेलेला एखादा पदार्थ असेल, आणि त्याची गाडी कधी, कशामुळे बंद झाली हे घरातल्या कुणाला आठवत असेल, तर विचारून मला नक्की लिहा. त्यावर एक भाग करायचा विचार आहे. भेटू पुढच्या भागात!