पांझरा नदीवरील नळ-सायफन
पांझरा नदीवरील नळ-सायफन हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तत्कालीन खानदेश जिल्ह्यात (आताचा धुळे जिल्हा) उभारलेले सिंचनाचे काम होय. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकून ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात सहायक अभियंता झाले. त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी हे एक.

पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे पाणी नेण्यासाठी पात्राखालून नळ टाकायचा होता. नळाचे पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा किंचित खाली ठेवल्यास पाणी पात्राखाली उतरून पलीकडे आपोआप वर चढते. वस्तुतः हा उलटा सायफन आहे. पावसाळा लागून नदीला पूर येऊ लागले, तेव्हा विश्वेश्वरय्यांनी काम पुढे ढकलण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी त्यात शिस्तीचा अभाव पाहिला. अखेर त्यांनी काम हाती ठेवून पूर्ण केले.

जलाशयातील पाणी ठरावीक पातळीला पोचताच आपोआप उघडणाऱ्या दरवाजांची रचना त्यांनी पुढे केली. हे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसवण्यात आले. त्यांचे पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावे होते. मात्र शोध सरकारी सेवेत असताना लागल्याने त्यांनी स्वामित्वधन घेतले नाही.